लग्न हे औषध नव्हे



चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांत गावोगावच्या सप्ताहांचा प्रसाद या देहाने घेतला. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, आवाज वरच्या पट्टीत जात नाही, म्हणून गादी सोडली. गादी सोडल्यावर माणसाला ऐकायला वेळ मिळतो. ऐकू लागलो तेव्हा कळले की, आपण इतकी वर्षे बोललो फार आणि ऐकले थोडे. आजचे लिहिणे त्या न ऐकलेल्याविषयी आहे. ते कोणाला गोड लागेल असे नाही. माझ्या कीर्तनकार बांधवांना तर नाहीच.

गेल्या वैशाखात कंधार तालुक्यातल्या एका गावी सप्ताहाला गेलो होतो, केवळ श्रोता म्हणून. कीर्तनकार तरुण होते. गळा गोड, पाठांतर चोख. निरूपण रंगात आले आणि महाराज हल्लीच्या पिढीवर घसरले. पोरे पोरांशी लग्न करायला निघाली आहेत म्हणाले, कंबर लचकवली, हाताचे तळवे एकमेकांवर आपटून तृतीयपंथीयांची नक्कल केली. मंडप हसून लोळला. मृदंगवाल्यानेही एक थाप देऊन साथ केली. माझ्या पुढ्यात एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. तो हसला नाही. पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला आणि पसायदान व्हायच्या आत उठून गेला.

तो कोण, का उठला, हे मी विचारले नाही. पण त्याची पाठ पाहून मला जवळजवळ तीस वर्षांपूर्वीचा दुसरा एक मुलगा आठवला, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

किल्लारीचा भूकंप १९९३ चा. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी लातूर जिल्ह्यातल्या एका गावी माझे कीर्तन होते. ज्यांच्या घरी मुक्काम, त्यांचा थोरला मुलगा चोवीस वर्षांचा. शिकलेला, भजनात टाळ धरणारा, पण लग्नाचे नाव काढले की तोंड फिरवणारा. बाप मला म्हणाला, "महाराज, तुमचं ऐकल तो. दोन शब्द सांगा." रात्री काकड्याआधी मुलगा माझ्या अंथरुणापाशी येऊन बसला. बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, "महाराज, बाईमाणसाविषयी माझ्या मनात तसलं कधीच काही आलं नाही. जे येतं ते दुसरंच येतं. ते सांगायची लाज वाटती. एखाद्या लेकराचं वाटोळं करू का मी?"

वाचक माउली, त्या पोराने मला प्रश्न विचारला नव्हता, उत्तर सांगितले होते. मला ते ऐकू आले नाही. मी हसलो. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "अरे वेड्या, लग्न झालं की सगळं ठिकाणावर येतं." वर गृहस्थाश्रमाचा महिमा सांगितला. पुढच्या मार्गशीर्षात त्याचे लग्न झाले आणि त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला मी स्वतः हजर होतो.

चार वर्षांनी तो घर सोडून गेला. बापाच्या मातीलाही आला नाही. त्याच्या बायकोला चार वर्षे सासरी वांझ म्हणून हिणवले. अंगारे झाले, धुपारे झाले, जडीबुटीवाल्यांच्या पालावर नेऊन झाले. शेवटी ती माहेरी आली आणि शिवणयंत्रावर पोट भरू लागली. बऱ्याच वर्षांनी वारीच्या वाटेवर, एका दिंडीच्या मुक्कामी, ती माझ्यासमोर येऊन बसली. पाया पडली नाही. म्हणाली, "महाराज, जायच्या रात्री त्यानं मला सगळं सांगितलं. तुम्हालाही आधीच सांगितलं होतं म्हणे. तुम्हाला माहीत होतं ना?"

मी म्हणालो, "होय."

"मला सांगितलं नाही. आता गादीवरून तरी सांगा. दुसरी कोणी वाचंल."

त्यानंतर पाच-सहा वर्षे मी गादीवर होतो. एकदाही बोललो नाही. लोक काय म्हणतील, तारखा कमी होतील, ही भीती. हरिनामाच्या जोरावर यमाला भिऊ नका असे जगाला सांगणारा मी, सप्ताह कमिटीला भ्यालो. म्हणून आज कागदावर सांगतो. उशीर झाला आहे, हे मला कळते.

सांगायचे ते एवढेच : ज्या मुलाचे किंवा मुलीचे मन तिकडे नाही, त्याला दुरुस्त करण्यासाठी त्याचे लग्न लावून देऊ नका. लग्न हे औषध नव्हे. आणि दुसऱ्याची लेक किंवा दुसऱ्याचा लेक ही तुमच्या घरच्या दुखण्यावर उगाळायची मुळी नव्हे.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप आमच्याच शास्त्री मंडळींचा : धर्मशास्त्रात याला थारा नाही. मी आळंदीला शिकलो, ग्रंथ थोडेफार मीही चाळले आहेत. मनुस्मृतीत अशा आचरणाला प्रायश्चित्त सांगितले आहे, हे मी लपवत नाही. एके ठिकाणी ते सचैल स्नानाइतके हलके आहे, दुसरीकडे कठोर शब्द आहेत. पण त्याच धर्मशास्त्रातली याज्ञवल्क्यस्मृती उघडा. आचाराध्यायात वराची लक्षणे सांगताना कुल, विद्या, वय यांच्याबरोबर त्याच्या पुंस्त्वाची काळजीपूर्वक परीक्षा करून मगच कन्या द्यावी, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे प्राचीन काळच्या शास्त्रकारालाही चिंता होती ती मुलीची. तिच्या पदरात काय पडते आहे, याची. आम्ही पत्रिकेत नाडी पाहतो, गण पाहतो, मंगळ पाहतो, एकराचा हिशेब पाहतो. आणि मुलगा स्वतःच्या तोंडाने सांगत असतो, ते मात्र दडपतो. शास्त्राचा आधार घ्यायचा तर पुरता घ्यावा. आपल्या सोयीचा एक श्लोक काढून बाकीची पोथी बासनात बांधू नये.

दुसरा आक्षेप : हे सगळे पश्चिमेचे फॅड, मोबाईलमधून आले. मोबाईलमधून पुष्कळ घाण आली, त्याविषयी मीच गादीवरून घसा कोरडा केला आहे. पण ही गोष्ट मोबाईलने आणलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अशा पुरुषांचे प्रकार नावानिशी सांगितले आहेत आणि त्यांचे मूळ बहुतांशी जन्मामागे, आईबापांच्या बीजात शोधले आहे. कारणमीमांसा आजच्या डॉक्टरांना पटणार नाही, पण हे चाळे नसून प्रकृती आहे, एवढे त्या वैद्याला दिसले होते. वात्स्यायनाने तर 'तृतीया प्रकृती' हाच शब्द वापरला. आणि आपल्या मराठीतच पाहायचे तर रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. लोक त्यांना घरात कोणाला विचारता न येणारे प्रश्न पत्राने विचारत आणि ते छापून उत्तर देत. त्यात समलिंगी संबंधांविषयीही प्रश्न होते. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे देव मानत नव्हते, मी पांडुरंगावाचून घोट घेत नाही. तरी एक गोष्ट कबूल करतो. लोकांनी जे प्रश्न त्या नास्तिकाला विश्वासाने विचारले, ते आम्हा कीर्तनकारांना विचारायचा धीर त्यांना झाला नाही. ज्या एकाने मला विचारले, त्याला मी हसलो.

तिसरा आक्षेप : संप्रदायात हे बसत नाही. इथे मी थोडे थांबतो. संप्रदायात काय बसते, याचा निवाडा आपल्या मूळ घरापासून करू.

ज्ञानोबा माउलींचे वडील विठ्ठलपंत. त्यांचे मन संसारात रमेना. पत्नी रुक्मिणी आळंदीला, आणि हे काशीला जाऊन, आपल्यामागे बायको-पोरांचा पाश नाही असे सांगून, संन्यास घेऊन बसले. पुढे गुरू आळंदीला आले. रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, गुरूंनी पुत्रवती हो म्हणून आशीर्वाद दिला, आणि त्यावरून सारी हकीकत उघड झाली. ही कथा आपण शेकडो वेळा सांगितली. तिचा मथितार्थ आपण कोणता काढतो? गुरुआज्ञा श्रेष्ठ, एवढाच. पण पाहा, गुरूंना खटकले ते काय? विठ्ठलपंतांना संसार नको होता, हा काही गुन्हा नव्हता. संन्यास हाही आश्रमच आहे. खटकले ते असे की, एका बाईला अंधारात ठेवले गेले. तिचे आयुष्य तिला न विचारता लटकत राहिले. खोटे बोलून घेतलेला संन्याससुद्धा गुरूंनी मान्य केला नाही. मग खोटे बोलून लावलेले लग्न तुम्ही-आम्ही कोणत्या तोंडाने मान्य करतो?

कथेचा पुढचा भागही विसरू नका. गावाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि आईबापांनी देह ठेवला. चार पोरे उघड्यावर पडली. निवाडा देणारे त्या दिवशी धर्मरक्षणाच्या समाधानाने घरी गेले असतील. आज त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, आणि ज्यांना त्यांनी टाकून दिले त्यांच्या पादुका आपण पालखीत घालून नेतो. संप्रदायाचा जन्मच वाळीत टाकलेल्या घरात झाला आहे. चोखोबांची समाधी मंदिराच्या पायरीशी आहे, आणि तिथून आत जायला त्यांच्या लोकांना १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषण करावे लागले. दर वेळी आपण उशिरा जागे होतो आणि मग जागे झाल्याचा उत्सव करतो.

आणखी एक. माउलींच्या पालखीबरोबर मी अनेकदा चाललो. माळशिरसनंतरचा मुक्काम वेळापूर. तिथे यादवकाळातले अर्धनारी नटेश्वराचे देऊळ आहे. लाखो वारकरी त्या गावी उतरतात, तिथे हात जोडतात. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत, श्रीकृष्णाची पत्नी या भावाने कुंकू आणि मंगळसूत्र धारण करीत. त्यांच्यावर आजची कोणतीही पाटी मला चिकटवायची नाही. तो भक्तीचा अधिकार वेगळा. पण पुरुषदेहात स्त्रीभाव दिसताच ज्याला टिंगल सुचते, त्याने गुलाबराव महाराजांच्या ग्रंथांना नमस्कार करताना थोडा विचार करावा. आपण ज्ञानेश्वरांना आई म्हणतो, विठ्ठलाला आई म्हणतो. पुरुष आणि स्त्री यांच्यामधली रेघ आपल्या संतांनी प्रेमाने किती वेळा ओलांडली, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

आता आईबापांशी बोलतो. कारण हल्ली ते माझ्या ओट्यावर येतात. कोणाचा मुलगा लातूरला नीटच्या क्लासला, कोणाची मुलगी नांदेडला वसतिगृहात. कपाट उघडले, मोबाईल पाहिला, चिठ्ठी सापडली, आणि बाप माझ्याकडे. "महाराज, समजावून सांगा." आता मी आधी मुलाला विचारतो, तुला बोलायचे आहे का? नको म्हणाला तर बापालाच बसवून घेतो.

पहिले, तीन गोष्टींची गल्लत करू नका. काहींच्या देहाच्या रचनेतच जन्मतः वेगळेपण असते. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांचे नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. मुलगी म्हणून वाढले, पुढे तपासणीत वेगळे निघाले, २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू झाली, खात्याने नोकरीत ठेवले, पुढे लग्न झाले, बाप झाले. दुसरी गोष्ट, देह एक आणि आतली ओळख दुसरी. तृतीयपंथी व्यक्तींना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वतंत्र ओळख दिली. २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकारी त्यांना तसे प्रमाणपत्र देतात. तिसरी गोष्ट, देहाविषयी आणि ओळखीविषयी काही तक्रार नाही, पण मनाचा ओढा आपल्यासारख्याच देहाकडे आहे. या तिन्हींना एकच शिवी देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण शिवीने कोणाची प्रकृती बदलल्याचे मी पाहिले नाही.

दुसरे, उपचाराच्या नावाने लुबाडणाऱ्यांपासून दूर राहा. रस्त्याकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' असे रंगवलेले असते. त्यांच्या दारात जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच हा ओढा रोगांच्या यादीतून काढला. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की, असा ओढा बदलण्याचा 'उपचार' करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे. जो रोग नाही त्याला औषध कसले? मात्र मूल खचले असेल, जेवत नसेल, जीव नकोसा झाला म्हणत असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा प्रश्न आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि मानस' सेवा आहे, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.

तिसरे, कायद्याची धमकी देऊ नका. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने, खाजगीत ठेवलेला असा संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाही. अशांच्या लग्नाला मान्यता द्यायला न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला, हेही खरे आहे. तो वाद कायद्याचे लोक पाहतील. पण ज्या लग्नाला मान्यता आहे, त्याचा कायदा काय म्हणतो ते पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवणुकीने संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येते. म्हणजे उद्या तुमची सून कोर्टात उभी राहिली तर खोटे ठरणारे तुम्हीच.

चौथे, सत्य बोलणाऱ्या लेकराला शिक्षा करू नका. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नांदेडजवळच्या एका गावातली, डॉक्टरकी शिकणारी मुलगी मारली गेली. तिचे मन दुसरीकडे होते, ठरलेले लग्न मोडले होते. पोलिसांनी खुनाच्या आरोपावरून पकडले ते तिच्या बापाला, भावाला आणि जवळच्या नातलगांना. ती मुला-मुलीच्याच प्रेमाची गोष्ट होती. पण रोग तोच आहे : मन खरे बोलले आणि घराची अब्रू त्याहून मोठी ठरली. ज्या अब्रूला लेकराचा जीव लागतो, ती अब्रू नव्हे, ती राक्षसीण आहे.

आता तरुणांनो, तुमच्याशी दोन शब्द. मी जुन्या वळणाचा माणूस आहे. तुमचे सगळेच मला कळते असे नाही, आणि कळल्याचा आव मी आणणार नाही. पण संयम, निष्ठा आणि खरेपणा या तराजूत मी इतरांना जसे तोलतो, तसेच तुम्हाला तोलीन. कमी नाही, जास्तही नाही. कोणावर जबरदस्ती नको, कोवळ्या वयाच्या मुलांकडे वाकडी नजर नको, एकाला वचन देऊन दुसरीकडे चोरी नको. मोबाईलवर ओळख झालेल्याला एकट्याने आडबाजूला भेटायला जाऊ नका. फोटो दाखवीन म्हणून धमकावणारे असतात. तसे झाले तर पैसे देऊ नका, भरवशाच्या माणसाला सांगा, पोलिसात जा. आणि आईबापांच्या रडण्यापुढे विरघळून लग्नाला हो म्हणू नका. आईचे रडे वर्षभरात थांबेल. जिला आणाल तिचे आयुष्यभर थांबणार नाही. हो म्हणायचेच असेल तर त्या मुलीला आधी सगळे सांगून, तिच्या तोंडून उत्तर घेऊन. बहुतेकांना एवढे सांगितले की प्रश्न आपोआप सुटतो.

शेवटी माझ्या कीर्तनकार बांधवांनो. मंडपात हशा पिकवणे अवघड नाही, मीही पुष्कळ पिकवला आहे. पण हजार माणसांत दोन-चार जण तरी असे बसलेले असतात, ज्यांच्यावर तो हशा पडतो. ते पांडुरंगाच्या नावाने आले होते. आपल्यामुळे उठून गेले. त्यांना उठवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ती नक्कल करताना छातीवर हलत असते. एवढे जरी ध्यानात ठेवले तरी हात आपोआप खाली येईल.

ती माउली अजून वारीला येते, असे दिंडीतल्या बायका सांगतात. हा अंक तिच्या हाती पडेल की नाही, कोण जाणे. पडला तर तिने समजावे, निरोप पोचवला. उशिरा, पण पोचवला.

पांडुरंग, पांडुरंग.